पंधरांपैकीं चार

आमच्या शेजारच्या काकूंनीं आम्हांस आजवर निदान दहा वेळां तरी विचारलें असेल, ‘अहो, पण तुम्ही करतां तरी काय?’ डॉक्टर काय करतो, वकील काय करतो, आंब्याचा बागाईतदार काय करतो, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. परंतु ‘मनुष्यबळ सल्लागार’ ही पाटी वाचून रत्नागिरीकर थबकतो, आणि त्याच्या मनांत पहिली शंका येते ती हीच कीं, हा गृहस्थ मजूर पुरविणारा मुकादम तर नव्हे ना? एकदां आम्हीं काकूंना सोपें करून सांगितलें, ‘काकू, सरकारी खात्यांना आणि मंडळांना नोकरीसाठीं माणसें निवडायचीं असतात. तीं कशीं निवडावीं आणि निवडल्यावर त्यांना कामांत कसें तयार करावें, हें आम्ही सांगतों.’ काकूंनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे मुलगी पाहायला जातात तसंच कीं! आणि पुढं तिला नांदवायचं कोणी?’

काकूंचा तो प्रश्न आम्हीं त्या वेळीं हंसण्यावारीं नेला. परंतु ज्या व्यवसायांत तीस वर्षांहून अधिक काळ घालविला, त्याचें मर्म त्या माऊलीनें एका वाक्यांत सांगितलें होतें, हें पुढें हळूहळू आमच्या ध्यानांत येऊं लागलें. निवडणें आणि नांदविणें ह्या दोन क्रियांपैकीं पहिलीवरच आम्हीं आयुष्याचा बराच भाग खर्च केला. आणि तींतही एकदां अशी चूक केली कीं, ती अद्यापि मनांतून जात नाहीं. ती चूक वाचकांस सांगावी म्हणूनच आज लिहावयास बसलों आहों.

आमच्या जिल्ह्यांत नोकरी ह्या शब्दाला जें वजन आहे, तें बाहेरच्या माणसाला एकाएकीं कळावयाचें नाहीं. भात पिकतें तें चार महिन्यांच्या पावसावर. आंबा पिकतो, पण कलमें कांहीं सर्वांच्याच मालकीचीं नसतात. आणि मासळी तर समुद्राच्या मर्जीवर. म्हणून पिढ्यान् पिढ्या येथील तरुणानें गांठोडें बांधलें आणि मुंबईची वाट धरली. पूर्वीं आगबोटीनें, मागाहून एस. टी. नें आणि १९९८ पासून कोंकण रेल्वेनें. मागें राहिल्या त्या बायका आणि म्हातारीं माणसें, आणि त्यांचे डोळे लागलेले असत पोस्टमनच्या वाटेकडे. २०११ च्या खानेसुमारींत ह्या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया भरल्या. हा आंकडा वाचून कांहीं लोक आमची पाठ थोपटतात. त्यांनीं एखाद्या वाडीवर जाऊन चार घरांचीं दारें ठोठावावीं, म्हणजे पुरुष घरींच नाहींत हा त्या आंकड्याचा अर्थ त्यांस कळून येईल.

त्यांतच १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि त्यांत आमच्या कोंकणांतले किती होते हें गांवोगांवच्या पोस्टमननें अचूक सांगितलें असतें, कारण त्याच्या थैलींतल्या मनीऑर्डरी घटत गेल्या. संप लांबला, विरून गेला, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यानंतर ज्या घरांतला कर्ता पुरुष हात हालवीत परत आला, त्या घरांतल्या मुलाला ‘कायमची’ नोकरी ह्या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागला नाहीं.

आम्ही स्वतः ह्याच शहरांत लहानाचे मोठे झालों. मुंबईस जाऊन कामगारकल्याणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि एका सार्वजनिक उपक्रमाच्या आस्थापना शाखेंत लागलों. हजेरी, रजा, वेतनवाढ, गोपनीय अहवाल आणि बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठीं हें ठरविणारी ती चौकटींची वही, ह्यांतच आमचीं पहिलीं वर्षें गेलीं. पुढें निवडसमितींवर बोलावणीं येऊं लागलीं. कांहीं वर्षांनीं नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झालों आणि रत्नागिरीस परतलों. एकूण काय, दुसऱ्यांना नोकऱ्या लावून देण्याच्या विद्येवर आम्हीं आपला संसार चालविला.

ही विद्या फार जुनी आहे. कौटिल्यानें अमात्यांच्या परीक्षेसाठीं धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार ‘उपधा’ सांगितल्या आहेत; म्हणजे गुप्तपणें मोह किंवा भीति दाखवून माणूस पारखण्याच्या चार रीति. धर्माच्या कसोटीस उतरेल त्याला न्यायदानाचें काम द्यावें, द्रव्याच्या मोहांत न पडेल त्याला वसुली आणि भांडार सोंपवावें, अशी त्याची वांटणी आहे. ज्या कामासाठीं माणूस हवा, त्याच कामाची परीक्षा घ्यावी, हें तत्त्व त्यानें इतक्या पूर्वीं जाणलें होतें. तथापि आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्यानें पुढें दिलेला इशारा. निर्दोष माणसाला परीक्षेच्या निमित्तानें बिघडवूं नये, तें पाण्यांत विष कालविण्यासारखें होईल, अशा आशयाचें तो बजावतो. परीक्षा घेणाराकडूनही पाप घडूं शकतें, ही जाणीव त्यांत आहे.

अर्वाचीन काळाचा इतिहास पाहिला तर तोही ह्याच जाणिवेनें भरलेला दिसतो. कंपनी सरकारच्या अमदानींत हिंदुस्थानांतल्या मोठ्या जागा विलायतेंतील संचालकांच्या शिफारशीनें भरल्या जात. मेकॉलेच्या समितीनें १८५४ सालीं खुल्या स्पर्धेची शिफारस केली आणि पुढच्याच वर्षीं लंडनला पहिली परीक्षा झाली. शिफारशीचें दार बंद झालें, पण नवें दार सातासमुद्रांपलीकडे उघडलें. तेथवर जाऊन निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर, हे १८६३ सालीं. १९१८ सालीं आपल्या चिंतामणराव देशमुखांनीं लंडनच्याच परीक्षेंत पहिला क्रमांक पटकाविला. परंतु ही परीक्षा हिंदुस्थानांतही होऊं लागण्यास १९२२ साल उजाडावें लागलें. इकडे कोल्हापुरांत शाहूमहाराजांनीं १९०२ सालींच ओळखलें होतें कीं, नुसतें दार उघडून भागत नाहीं. ज्यांना उंबऱ्याजवळही कोणी उभें करीत नव्हतें, त्यांच्यासाठीं निम्म्या जागा राखून ठेवाव्या लागतात. १९२६ सालीं लोकसेवा आयोग आला आणि १९५० सालीं राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदानें सरकारी नोकरींत समान संधीचें वचन दिलें. ह्या प्रत्येक पावलामागें एकच गोष्ट दिसते. निवडणाऱ्याच्या हातावर समाजानें सर्वस्वीं विश्वास कधींच ठेवला नाहीं. आणि तो ठेवूं नये, हें आम्ही स्वतःच्या हाताकडे पाहून सांगतों.

१९९१ सालची गोष्ट. एका सार्वजनिक उपक्रमाच्या कारकुनांच्या जागांसाठीं मुलाखती होत्या. लेखी परीक्षेचे गुण ८५ आणि मुलाखतीचे १५. समितीवर आम्ही तिघे होतों, आणि त्यांत आम्ही वयानें सर्वांत लहान. परंतु ‘शास्त्र शिकून आलेले’ म्हणून आमचा आंकडा आधीं विचारला जाई आणि बाकीचे दोघे आपले आंकडे त्याच्याच आसपास ठेवीत. हा मान आम्हांस तेव्हां फार आवडे.

दुपारच्या सुमारास राजापूरकडील खाडीकांठच्या एका वाडीवरचा मुलगा आंत आला. सदरा स्वच्छ होता, पण इस्त्री प्रवासांत मोडलेली. लेखी परीक्षेंत त्याला ६८ गुण होते. त्या दिवसाच्या यादींत एवढे फार थोड्यांना होते. ठरलेले प्रश्न झाले. मग आम्हीं आमचा आवडता प्रश्न विचारला, ‘ही नोकरी आपणांस कां हवी?’ मुलगा थोडा वेळ टेबलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘घरी मनीऑर्डर येत नाहीं आतां. बापूस गिरणीत होता.’

कोणीतरी हंसलें. आम्हीं ‘ध्येयनिष्ठा व व्यक्तिमत्त्व’ ह्या रकान्यांत चार गुण मांडले, आणि इतरांनींही तसेच मांडले.

त्याच्या मागून आलेल्या उमेदवारानें त्याच प्रश्नाला उत्तर दिलें कीं, राष्ट्राच्या उभारणींत आपला खारीचा वांटा असावा अशी त्याची मनीषा आहे. वाणी शुद्ध, नजर सरळ. त्याला आम्हीं बारा गुण दिले. लेखी परीक्षेंत त्याला ६३ होते. बेरीज ७५ झाली. राजापूरच्या मुलाची ७२ झाली. यादी ७४ वर थांबली.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. तो बारा गुणांचा उमेदवार पुढें चांगला कारकून झाला. लबाड माणूस निवडला आणि सज्जन नाकारला, अशी ही गोष्ट असती तर ती सांगावयास सोपी गेली असती. आमची चूक निराळी होती. दोघांनाही नोकरी पोटासाठींच हवी होती. एकानें तें सांगितलें आणि दुसऱ्यानें झांकलें. आम्हीं सांगणाऱ्याचे गुण कापले आणि त्याला ध्येयनिष्ठा असें नांव दिलें. कौटिल्यानें ज्या विषाचा इशारा दिला तें हेंच. कारण अशा समित्यांपुढून जाणारा प्रत्येक मुलगा पुढच्या मुलाला बाहेरच्या बाकावर सांगून जातो कीं, खरें बोलूं नकोस.

ह्या दोषाला मानसशास्त्रांत नांव आहे, हें आम्ही परीक्षेसाठीं पाठ करून आलों होतों. अमेरिकेंतील थॉर्नडाइक ह्या मानसशास्त्रज्ञानें १९२० सालीं सैन्यांतील अधिकाऱ्यांनीं हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. ज्याची एक बाब नजरेंत भरली, त्याला इतर सर्व बाबींतही वरचे गुण मिळालेले त्यास आढळले. जणूं माणसाभोंवतीं एक तेजोवलय दिसतें आणि त्याच्या उजेडांत बाकीचें सारें चांगलेंच दिसूं लागतें. हें आम्हांस तोंडपाठ होतें. परंतु स्वतः खुर्चीवर बसलों तेव्हां शुद्ध वाणीचें तेज आणि मोडलेल्या इस्त्रीचा अंधार आम्हांस दिसला नाहीं.

न्यायालयांस मात्र तो दिसला होता. १९८० सालीं अजय हसिया खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मुलाखतीला एकतृतीयांश गुण ठेवणें मनमानीचें ठरविलें आणि पंधरा टक्क्यांहून अधिक ठेवूं नयेत असा दंडक सुचविला. आमचे पंधरा गुण त्या दंडकांत बरोबर बसत होते. आणि अन्याय करावयास तेवढे पुरेसे झाले. पुढें केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणींच्या भरतींतून मुलाखत काढूनच टाकली. व्यवसायबंधूंपैकीं कित्येकांना त्याचा खेद झाला. माणूस पाहिल्याशिवाय माणूस कसा निवडावा, असें ते विचारीत. आम्ही त्या वादांत गप्प राहिलों. लेखी परीक्षा म्हणजे गंगोदक आहे असेंही नव्हे. पेपर फुटतात, आणि ते इतके फुटले कीं, २०२४ सालीं संसदेला त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी पण फुटलेला पेपर निदान सांपडतो. रकान्यांतला चार हा आंकडा कोणाला सांपडत नाहीं.

आतां काकूंच्या प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे वळतों. निवड चोख झाली, तरी पुढें नांदवायचें कोणी? आंबडवें हें गांव आमच्याच जिल्ह्यांत, मंडणगड तालुक्यांत आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें तें मूळ गांव. बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशीं शिकून ते १९१७ सालीं करारानुसार तेथें नोकरीवर रुजू झाले. सयाजीरावमहाराजांच्या ह्या निवडींत खोट काढायला कोठेंही जागा नव्हती. परंतु कचेरींतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. शहरांत राहावयास खोली मिळेना. नांव लपवून एका पारशी विश्रामगृहांत उतरले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यांत आलें. थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले. निवड करणारा राजा होता; नांदविणारे मात्र कचेरींतले लोक होते, आणि त्यांच्यापुढें राजाचाही इलाज चालला नाहीं.

तेव्हांपासून नियम पुष्कळ बदलले, परंतु माणसाला कचेरींत टिकवितें किंवा उठवितें तें बहुधा नियमांच्या वहींत नसतेंच. एका कचेरीनें आम्हांस बोलाविलें. स्त्रीकर्मचारी वारंवार रजा घेतात, त्यांची ‘कार्यप्रेरणा’ वाढवावी अशी विनंति होती. आम्हीं प्रश्नावली छापली आणि साठ पानांचा अहवाल लिहिला. तो लिहून झाल्यावर परत एकदां उत्तरें चाळतांना एका कागदाच्या तळाशीं पेन्सिलीनें लिहिलेली ओळ दिसली, ‘बायकांच्या स्वच्छतागृहाला आंतून कडी नाहीं.’ आमच्या साठ पानांत कडी हा शब्द कोठेंच नव्हता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं स्वतः बाजारांतून कडी आणून शिपायाकडून बसवून घेतली, आणि अहवालाला एकसष्टावें पान जोडलें. अहवाल कोणी वाचला कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं. कडी मात्र रोज लागते आणि रोज निघते.

जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत शाळांची हीच कथा आहे. दूरच्या जिल्ह्यांतून निवडून आलेला तरुण शिक्षक डोंगरांतल्या वाडीवर रुजू होतो. पहिल्या पावसांत त्याचें अंथरूण भिजतें, दुसऱ्या पावसांत तो बदलीचा अर्ज करतो, आणि संधि मिळतांच आपल्या मुलखांत निघून जातो. जागा पुन्हां रिकामी होते. शिक्षणाची पदविका घेऊन घरीं बसलेली स्थानिक मुलें म्हणतात, आम्हांला घ्या, आम्ही जाणार नाहीं. त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु गुणानुक्रमानें आलेल्या परक्याला परका म्हणून नाकारावें, हेंही राज्यघटनेच्या वचनांत बसत नाहीं. प्रशिक्षणाच्या वर्गांत अशा एका नव्या शिक्षकाला आम्हीं विचारलें, ‘तुम्ही येथें कशानें राहाल?’ तो म्हणाला, ‘गावांत कोणी जेवायला बोलावलं तर.’ सर्वजण हंसले. ह्या वेळीं आम्ही मात्र हंसलों नाहीं; तें उत्तर जसेंच्या तसें फळ्यावर लिहिलें.

दोन वर्षांपूर्वीं एका मंडळाच्या भरतीच्या जाहिरातीचा मसुदा आम्हीं करून दिला. ती प्रसिद्ध झाल्यावर प्रती काढण्यासाठीं कचेऱ्यांसमोरच्या एका दुकानांत गेलों. झेरॉक्सचें यंत्र, दोन संगणक, आणि ऑनलाइन अर्ज भरण्यासाठीं बाहेर पायरीपर्यंत मुलांची रांग. दुकानदार पन्नाशी ओलांडलेला होता. आमच्या हातांतली जाहिरात पाहून तो म्हणाला, ‘साहेब, ह्यांत तारीख चुकली आहे. जाहिरातीच्या दिवशीं दाखला हातांत हवा म्हणतात, आणि तहसीलीतून तो मिळायला दिवस लागतात. निम्मी पोरं ह्याच्यावरच बाद होतील.’ त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आम्हीं त्याच संध्याकाळीं मंडळाला कळविलें आणि आठवड्याभरांत शुद्धिपत्रक निघालें.

तें सांगावयास पुन्हां गेलों, तेव्हां तो खुलला. ‘हें सगळं आमचं पाठ असतं, साहेब. मी पण बसत होतों परीक्षांना. एक्क्याण्णव सालीं दोन गुणांनी राहिलों.’ त्यानें त्या उपक्रमाचें नांव घेतलें. आमची नजर दुकानाच्या पाटीवरील आडनांवाकडे गेली. तें आडनांव आम्ही विसरलों नव्हतों.

आवाज शक्य तितका सहज ठेवून आम्हीं विचारलें, ‘मुलाखतीला समोर कोण होते, आठवतं?’

‘छे! तीन साहेब होते. त्यांतला एक हसला, तेवढं आठवतं.’

तीस वर्षें आम्हीं अशी समजूत करून घेतली होती कीं, हंसणारे ते आमच्या उजवीकडचे सभासद. त्या दुकानांत उभें असतांना ती समजूत एकाएकीं डळमळूं लागली. आम्हीं आठवून पाहिलें, पुन्हां पुन्हां आठवून पाहिलें. खोली आठवली, टेबल आठवलें, मोडलेली इस्त्री आठवली. हंसण्याचा आवाजही आठवला. तो कोणाच्या तोंडून आला, तें मात्र आतां शपथेवर सांगवेना.

सांगावें असें मनांत आलें होतें. पण सांगून द्यावयाचें काय? ते गुण आतां कोणत्याही यादींत मिळवितां येत नाहींत. आणि आपल्या मनाचें ओझें हलकें व्हावें म्हणून दुसऱ्याच्या भर दुपारच्या धंद्यांत तें उतरवून ठेवणें हाही एक प्रकारचा स्वार्थच. निदान आम्हीं त्या वेळीं स्वतःची समजूत अशी घातली. ती प्रामाणिक होती कीं भित्री होती, हें वाचकांनींच ठरवावें.

रांगेंतली एक मुलगी पुढें आली. तिचा अर्ज भरतां भरतां त्यानें यंत्रावरची नजर न काढतां विचारलें, ‘साहेब, ह्या जागांना मुलाखत आहे?’

‘नाहीं. आतां नसते.’

‘बरं झालं,’ तो म्हणाला, आणि तिच्या फोटोची कडा कात्रीनें नीट कापूं लागला.

आम्हीं प्रतींचे पैसे टेबलावर ठेवले आणि बाहेर पडलों. पुढच्या खेपेस सांगूं, असें मनाशीं म्हणत गेलों. त्यालाही आतां दोन पावसाळे होऊन गेले. प्रती मात्र आम्ही अजून तेथेंच काढतों.